सातव्या थडग्याचा शोधकर्ता

मेक्सिकोच्या दक्षिण भागातील ओआहाका शहराजवळ, दरीच्या तळापासून सुमारे चारशे मीटर उंचीवर, मोंते अल्बान या प्राचीन नगराचे अवशेष पसरलेले आहेत. डोंगरमाथा सपाट करून झापोतेक लोकांनी इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास हे नगर वसवले आणि हजार वर्षांहून अधिक काळ नांदवले. ९ जानेवारी १९३२ रोजी दुपार कलल्यावर येथील सातव्या क्रमांकाच्या थडग्याच्या छतातील एक दगड बाजूला सारण्यात आला. त्या अरुंद फटीतून प्रथम तरुण सहकारी हुआन व्हालेन्सुएला खाली उतरले. त्यांच्यामागून आल्फोन्सो कासो कसेबसे आत शिरले. विजेरीच्या झोतात मानवी हाडे दिसली आणि त्यांच्या अवतीभवती सोने, पिरोजा, मोती व स्फटिक. एका रात्रीत कासो यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र सोने शोधण्यासाठी ते या डोंगरावर आलेच नव्हते. त्यांना तेथील दगडांवरची अक्षरे वाचायची होती.

कासो यांचा जन्म १ फेब्रुवारी १८९६ रोजी मेक्सिको शहरात झाला. थोरले बंधू आंतोनियो कासो हे मेक्सिकोतील अग्रगण्य तत्त्वचिंतक. घरात ग्रंथांचा आणि वादचर्चांचा वावर होता. बाहेर मात्र १९१० मध्ये पेटलेल्या क्रांतीने देश ढवळून निघाला होता. त्या धामधुमीतच १९१६ मध्ये विद्यापीठातील सात विद्यार्थ्यांनी व्याख्याने व संगीतसभा भरवणारे मंडळ स्थापन केले. ‘सात ज्ञानी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींत कासो होते. पुढे देशाच्या राजकारणावर ठसा उमटवणारे व्हिसेंते लोम्बार्दो तोलेदानो आणि मान्वेल गोमेस मोरीन हेही त्यांत होते. लोम्बार्दो यांची बहीण मारिया ही कासो यांची सहधर्मचारिणी झाली. १९१९ मध्ये कायद्याची पदवी घेऊन कासो वकिली आणि अध्यापन करू लागले.

या सरळ मार्गाला वळण मिळाले ते शोचिकाल्को येथील अवशेषांच्या भेटीने. तेथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेले पंखधारी सर्प आणि कालगणनेची चिन्हे पाहून तरुण वकील भारावला. केवळ कौतुकावर न थांबता त्यांनी हेर्मान बेयर यांच्यासारख्या अभ्यासकांकडे पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण घेतले. पुरावा तपासण्याची वकिली शिस्त त्यांनी या नव्या विद्येत आणली. १९२८ मध्ये झापोतेक शिलास्तंभांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. झापोतेकांची लिपी व कालगणना यांचा तो पायाभूत अभ्यास ठरला. मात्र हे शिलास्तंभ कोणत्या काळाचे, याचे उत्तर केवळ चिन्हांकडे पाहून मिळणार नव्हते. त्यासाठी जमीन खणणे भाग होते.

जानेवारी १९३१ मध्ये मोठ्या भूकंपाने ओआहाका शहर उद्ध्वस्त झाले. त्याच वर्षी कासो यांनी मोंते अल्बानचे उत्खनन हाती घेतले. पुढे १९५८ पर्यंत अठरा हंगाम हे काम चालले. इग्नासियो बेर्नाल आणि होर्हे आकोस्ता हे त्यांचे प्रमुख सहकारी. झाडाझुडपांनी झाकलेल्या टेकाडांखालून मंदिरे, प्रासाद, चेंडूफळीचे मैदान आणि सुमारे तीनशे मीटर लांबीचा विशाल चौक प्रकट झाला. कासो यांचा खरा भर होता तो थरांवर. कोणत्या थरात कोणती मृद्भांडी सापडतात, याची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी नगराच्या इतिहासाचे पाच कालखंड पाडले. तपशिलांत बदल झाले, तरी ती चौकट आजही अभ्यासकांच्या वापरात आहे. चौकातील बाणाच्या टोकासारख्या आकाराच्या इमारतीवर उलट्या मस्तकांसह कोरलेली चिन्हे आहेत. ती झापोतेकांनी जिंकलेल्या गावांची नोंद असावी, असा अर्थ त्यांनी लावला.

सातवे थडगे पहिल्याच हंगामात उघडले. त्यातून चारशेहून अधिक वस्तू निघाल्या. मेणाच्या साच्याने ओतलेले नाजूक सोन्याचे अलंकार, पिरोज्याच्या तुकड्यांनी मढवलेली कवटी, घासून घडवलेला स्फटिकाचा पेला, मोत्यांच्या माळा आणि बारीक नक्षीची कोरीव हाडे असा तो ऐवज होता. प्रत्येक वस्तू जागच्या जागी नोंदवूनच बाहेर काढायची, असा कासो यांचा दंडक होता. त्या चिंचोळ्या दालनात पत्नी मारियाही कामाला होत्या. वृत्तपत्रांचे डोळे सोन्यावर खिळले असता कासो हाडांवरील नक्षी निरखीत होते. तेथील तारखा व आकृती झापोतेक शिलालेखांशी जुळत नव्हत्या. त्या जुळत होत्या शेजारच्या मिश्तेक लोकांच्या हरणाच्या कातड्यावरील चित्रपोथ्यांशी. म्हणजे थडगे झापोतेकांचे, पण काही शतकांनी ते उघडून त्यात मिश्तेकांनी आपले मृत ठेवले होते. ज्या नगराचा इतिहास शोधायचा, त्यातील सर्वात प्रसिद्ध ठेवा दुसऱ्यांचा निघाला. कासो यांनी ते निःसंकोच जाहीर केले.

यशाबरोबर वादही आले. दागिने बनावट आहेत, असा आरोप झाला. ते राजधानीत नेल्याने ओआहाकात संताप उसळला. आपल्या भूमीतील ठेवा आपलाच, असा दावा ओआहाका राज्याने केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९३२ मध्येच निकाल संघराज्याच्या बाजूने लागला. ठेव्याची मालकी राष्ट्राकडे राहिली, पण दागिने मात्र पुढे ओआहाकास परतले. आज ते तेथील सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातील संग्रहालयात आहेत.

हाडांवरील त्या चिन्हांनी कासो यांचा पिच्छा सोडला नाही. मिश्तेक चित्रपोथ्यांत केवळ देवकथा असाव्यात, असे अनेकांना वाटे. तेओसाकोआल्को या गावाचा १५८० मधील एक नकाशा कासो यांनी अभ्यासला. त्यावर स्थानिक राजांच्या वंशावळी चितारल्या होत्या. त्या पोथ्यांतील वंशावळींशी ताडून पाहता पोथ्यांतील माणसे कोणत्या गावची, हे उलगडले. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने चित्रपोथ्या हा लिखित इतिहास आहे, हे सिद्ध केले. अकराव्या शतकातील ‘आठ हरीण’ नावाचा पराक्रमी राजा त्यामुळे दंतकथेतून इतिहासात आला. त्यांची काही कालगणना पुढील संशोधकांनी दुरुस्त केली, पण वाट कासो यांचीच होती.

दरम्यान शासनाने त्यांच्यावर एकामागून एक जबाबदाऱ्या सोपवल्या. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेचे ते पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची निवड झाली आणि त्यानंतर त्यांनी मंत्रिपदही भूषवले. पण आयुष्याची शेवटची दोन दशके त्यांनी दिली ती १९४८ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आदिवासी संस्थेला. ज्यांच्या पूर्वजांची थडगी खणली, त्यांचे वंशज दवाखाने, शाळा आणि रस्त्यांवाचून डोंगरांत राहत होते. संस्थेचे पहिले केंद्र १९५१ मध्ये चियापास राज्यात सुरू झाले. लसीकरण, शेतीसुधारणा आणि स्थानिक भाषेतून साक्षरता यांचे काम त्याच समाजातील प्रशिक्षित तरुणांकडून होऊ लागले.

या कार्याची दुसरी बाजूही होती. आदिवासींना राष्ट्रीय जीवनात सामावून घेणे हे संस्थेचे उद्दिष्ट होते. साक्षरतेचा आरंभ मातृभाषेतून होई, पण वाट अखेर स्पॅनिशकडे जाई. १९७० च्या सुमारास तरुण मानवशास्त्रज्ञांनी या धोरणावर कठोर टीका केली. त्यात शिक्षणाचा लाभ होता, तसा भाषा व परंपरा पुसल्या जाण्याचा धोकाही होता, असे त्यांचे म्हणणे होते. मृत राजांची लिपी जिवापाड जपणाऱ्या या माणसाच्या कार्यातील हा ताण त्याच्या हयातीत सुटला नाही. २००३ मध्ये ती संस्था विसर्जित झाली.

सातव्या थडग्यावरील बृहद्ग्रंथ १९६९ मध्ये, म्हणजे शोधानंतर ३७ वर्षांनी प्रसिद्ध झाला. ३० नोव्हेंबर १९७० रोजी मेक्सिको शहरात कासो यांचे निधन झाले. मिश्तेक राजवंशांवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ मरणोत्तर, १९७७ आणि १९७९ मध्ये बाहेर पडला. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी सातव्या थडग्यातील विणकामाची साधने नव्याने तपासली. कासो यांच्या काळात पुरुष मानली गेलेली तेथील प्रमुख व्यक्ती स्त्री असावी, असे मत त्यांनी मांडले. हा फेरविचार शक्य झाला, कारण प्रत्येक वस्तूची जागा कासो यांनी लिहून ठेवली होती.

मोंते अल्बानला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुख्य चौकापासून दूर, ईशान्येच्या बाजूस सातवे थडगे आज रिकामे आहे. खाली दरीतील गावांच्या बाजारांत मात्र झापोतेक भाषा अजून बोलली जाते.