लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलवाले ते कारखानदार

मित्रांनो, आणि शाळा बघायला आलेल्या आईबाबांनो, आपल्या गावात कितीतरी विहिरींवरच्या मोटारीवर किर्लोस्कर असे नाव लिहिलेले आहे. ते एका माणसाचे आडनाव आहे. पण त्या माणसाचा पहिला धंदा मोटारींचा नव्हता, सायकलींचा होता! त्यांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांची माहिती मी सांगतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत विद्वान होते. पण लक्ष्मणचे मन शाळेच्या पुस्तकात लागत नसे. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणे आणि यंत्रं. वडिलांना ते पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामुअण्णा यांनी पैशाची मदत केली, म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले.

तिथे एक अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. चित्रकाराला रंग ओळखू आले नाहीत तर कसं व्हायचं? पण ते रडत बसले नाहीत. यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही, माप लागतं. ते त्यांनी शिकून घेतलं. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची चित्रं काढायला शिकवणारे मास्तर झाले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि तिचे वेडच लागले. ते स्वतः चालवायला शिकले. मग ते मुंबईहून बेळगावला सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा तिथे विकायचे. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ सालची मानतात, ती या सायकलींपासूनच.

आता त्या काळच्या सायकलीची गंमत ऐका. आपल्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. म्हणून उतारावर पाय थांबवले तरी टर्र टर्र वाजत सायकल पळते. तेव्हाच्या बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हते. मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के बसवलेले असायचे. चाक फिरले की चैन फिरणार, चैन फिरली की पायडल फिरणार. पाय थांबवायची सोयच नाही! उतारावर पाय भिंगरीसारखे फिरायचे. वेग कमी करायचा तर पायानेच पायडल उलटे दाबून धरायचे. गोल ट्रॅकवर शर्यत लावतात त्या सायकली आजही अशाच असतात आणि त्यांना ब्रेकसुद्धा नसतो. असा ट्रॅक पुण्याजवळ बालेवाडीला आहे.

आपण पोरं आधी हाफ पायडल शिकतो, मग सीटवर बसतो. पण मोठ्या माणसाला अशा सायकलीवर शिकवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. लक्ष्मणराव शिकवण्याचे १५ रुपये घेत. तेव्हा १५ रुपये लई मोठी रक्कम होती.

मास्तरकीत त्यांना बढती मिळायची वेळ आली. पण ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. लक्ष्मणरावांना ते सहन झाले नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला सायकलींच्या दुकानात आले. त्या रस्त्याला आता किर्लोस्कर रोड म्हणतात.

मला वाटतं, सायकल ही यंत्रांची बाराखडी आहे. तिच्यात चैन आहे, छर्रे आहेत, नट-बोल्ट आहेत. एक तार ढिली झाली तरी चाकाला आऊट येते. सायकलीनंतर लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या कामाची यंत्रं करायला घेतली. आधी कडब्याची कुट्टी करायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर केला. पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष पसरते असे लोकांना वाटायचे. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली! तरी त्यांनी नांगर करणं सोडलं नाही.

नंतर बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला आणि कर्जाऊ पैसे दिले. माळावर नुसते निवडुंग आणि साप होते. तिथे १९१० साली कारखाना उभा राहिला आणि गाव वसलं. तेच किर्लोस्करवाडी. ते आता सांगली जिल्ह्यात आहे. त्या गावात लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालदार म्हणून ठेवले. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यावर त्यांनी राखण सोपवली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हा सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मित्रांनो, लक्ष्मणरावांचं मन पुस्तकात लागत नव्हतं, पण ते आळशी नव्हते. माप, चित्र, यंत्र यांचा त्यांनी खूप अभ्यास केला. आपल्या वर्गातसुद्धा असा एकजण आहे. पाढे म्हणताना तो अडखळतो, पण कोणाचीही सायकल बिघडली की तोच नीट करतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. आईबाबांनो, तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याचे हात काळे झाले म्हणून त्याला मारू नका. त्याला शाळेत पाठवा आणि हातात पानाही राहू द्या. पाढे तर मापालापण लागतात, ते आम्ही त्याला शिकवू. रामुअण्णांनी धाकट्या भावाला मदत केली नसती, तर आपल्या विहिरीवर ते नाव आलं असतं का?

लक्ष्मणरावांना माझा नमस्कार.

इयत्ता चौथी