काठी, बांबू आणि चेंडू : भास्कराचार्यांचा वर्ग

दहावीला पायथागोरसचं प्रमेय तुम्ही सगळ्यांनीच पाठ केलंय. आता हे गणित बघा. ३२ हात उंचीचा बांबू उभा आहे. वारा सुटला, बांबू मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर बांबू किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. १२ हात उभा राहिलेला, २० हात तिरपा झुकलेला आणि १६ हात जमीन, झाला काटकोन त्रिकोण. प्रमेय तेच, पण आता ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

हे गणित साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे आणि घालणारा माणूस आपल्याच मुलखातला : भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयातलं 'विज्जडविड' असं सांगितलंय. हे गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. काहीजण म्हणतात, ते म्हणजे आपलं बीड. काहींच्या मते ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात होतं, तर काहीजण थेट विजापूरचं नाव घेतात. नावातलं साम्य बघून बीडकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, पण पुरावा पक्का नाही हेही लक्षात ठेवायचं. विज्ञान शिकणाऱ्याला एवढी शिस्त हवीच.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे सत्तरीला टेकले तरी हात थांबला नव्हता, ११८३ मध्ये त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ रचला.

यातली लीलावती सगळ्यात गाजली. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि तिच्या समजुतीसाठी वडिलांनी ग्रंथ लिहिला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण ती आपल्यापर्यंत आली फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. त्यामुळे ती गोष्ट म्हणूनच ऐकायची.

खरी मजा ग्रंथाच्या आत आहे. तिथे नुसते आकडे येत नाहीत. भुंग्यांचा थवा येतो, तुटलेला मोत्यांचा हार येतो, खांबावर बसलेला मोर बिळाकडे निघालेल्या सापावर झेप घेतो. एक गणित घरी करून बघा : तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्यानं ती झुकली आणि दोन हात दूर जाऊन बुडाली. पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात यायला हवं. आलं नाही तर आकृती काढा. सूत्र शोधत बसू नका.

गोलाध्यायात तर हा शिक्षक आणखी खुलतो. पृथ्वी गोल आहे, मग सपाट का दिसते? त्यांचं उत्तर सरळ आहे : मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच वाटतो. आपण पृथ्वीचा तेवढाच बारीक तुकडा बघतो. गोलावर सगळीकडे गावं, डोंगर कसे राहतात? कदंबाच्या फुलावर चहूबाजूंनी केसर असतात ना, तसे. खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत? पाण्याकाठी उभ्या माणसाचं प्रतिबिंब उलटं दिसतं, ते कुठे पडतं? आणि जड वस्तूला पृथ्वी आपल्याकडे ओढते, हेही ते सांगतात. अर्थात ही न्यूटनच्या नियमासारखी गणिती मांडणी नव्हे, तो दावा करायची गरजही नाही. गोलाचं पृष्ठफळ समजावताना त्यांनी चेंडूवर गुंडाळलेल्या जाळीची उपमा दिलीय.

आकाश समजण्यासाठी बांबूच्या कामट्यांचा गोल कसा बांधायचा, हे त्यांनी लिहून ठेवलंय. यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. आणि सगळी यंत्रं सांगून झाल्यावर ते मानाचं पान देतात बुद्धीला. हातात एक काठी असली की दूरच्या बांबूचं बूड आणि शेंडा त्या काठीच्या टोकावरून निरखायचे आणि त्यावरून त्याचं अंतर आणि उंची काढायची.

त्यांच्या मागे हे काम थांबलं नाही. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव, दोघंही यादवांच्या दरबारी होते. चांगदेवानं पाटणला मठ काढला, तो भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. १२०७ च्या शिलालेखात त्याला निकुंभ राजा सोइदेव यानं दिलेल्या देणगीची नोंद आहे आणि त्यातला काही मजकूर चक्क जुन्या मराठीत आहे. हा लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पुढे १६३४ च्या सुमारास बीजगणिताचं फारसी भाषांतर झालं ते अताउल्लाह रशीदीकडून. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचा वास्तुकार तोच मानला जातो.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. हे ज्ञान संस्कृतात होतं आणि मूठभर घरांपुरतं होतं. शेतात राबणाऱ्याच्या पोराला किंवा पोरीला त्या मठाचं दार उघडं नव्हतं. आज ते दार उघडं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं आज आपल्या जिल्ह्यात हायस्कूलला शिकतात. बऱ्याचदा प्रयोगशाळेचं कपाट रिकामं असतं, असलं तरी कुलपात असतं. पण काठी, कामट्या, चेंडू आणि सुतळी यांना कुलूप नसतं.

तुमच्यातले कितीतरी जण बी.एड.ला जातील, कुणी आताच गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेत असेल. उद्या पाठाचं टाचण काढताना फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी पोरांना अंगणात न्या. उन्हात काठी रोवा, सावली मोजा, शाळेच्या झेंड्याच्या खांबाची सावली मोजा आणि खांबाची उंची त्यांनाच काढू द्या. सूत्र त्यानंतर शिकवा.