मुंग्यांच्या पाहुण्यांचा चित्रगुप्त

पाहुणे तीन प्रकारचे असतात हे होस्टेलवर राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पहिला दिसला की सगळी विंग मिळून त्याला पिटाळते. दुसरा कोपऱ्यात पथारी टाकून पडलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून कुणी हटकत नाही. तिसऱ्याला मात्र आपणच आग्रहाने मेसमध्ये नेतो, आणि तो आपल्याच ताटातलं संपवतो. मुंग्यांच्या घरात राहणाऱ्या किड्यांची जवळपास हीच वाटणी एरिख वासमान यांनी केली. इंजिनीअरिंगच्या अंकात किडे कशाला, असं कुणी म्हणेल. पण मला हा माणूस आवडतो तो त्याच्या चोख हिशेबामुळे.

जन्म १८५९ चा, टायरॉलमधल्या मेरानचा. वडील चित्रकार. १८७५ मध्ये मुलगा जेझुइट संघात गेला. जर्मनीत तेव्हा जेझुइटांना बंदी, म्हणून शिक्षण हॉलंडमध्ये. त्यात तब्येतीने दगा दिला. पण काचेच्या घरट्यात मुंग्या ठेवून तासन्‌तास बघायला धडधाकट शरीर लागत नाही, चिकाटी लागते.

मुंग्यांसोबत राहणारे भुंगेरे बहुतेक काही मिलिमीटरचे. ते ओळखायचे कसे? लाडक्या पाहुण्याच्या अंगावर पिवळ्या केसांचे झुबके असतात, मुंग्या ते चाटत बसतात. नुसत्या खपवून घेतलेल्याचं अंग शेपटीकडे निमुळतं, मुंगीला पकडच मिळत नाही. असं एकेक तपासून १८९४ मध्ये त्यांनी यादी छापली: मुंग्यांकडे राहणारे १२४६ जीव, त्यात ९९३ भुंगेरे.

आता आपल्याकडची गोष्ट. वासमान भारतात आले नव्हते, पण त्यांचे संघबंधू फादर हाइम अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वळण गावी होते. तिथली मुंग्या-वाळवीची घरं उकरून ते किडे युरोपात पाठवत. त्यातूनच १८९९ मध्ये ढालीसारखा चपटा, वाळवीत राहणारा भुंगेरा ‘टर्मिटोडिस्कस हाइमी’ या नावाने जगाला कळला; १९०२ मध्ये एका वाळवीलाही हाइम यांचं नाव मिळालं. आमच्या डोंगरकड्याला बांधावरचं वारूळ म्हटलं की नागोबा आठवतो. त्यात एवढं बिऱ्हाड असेल हे मला तरी हे सगळं वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

खरी परीक्षा पुढेच होती. दिनार्डा नावाचे भुंगेरे युरोपात चार प्रकारचे, आणि प्रत्येकाची यजमान मुंगी वेगळी. मोठ्या वारुळातला मोठा, लहान काळपट मुंगीकडचा लहान आणि काळपट. या चार जाती म्हणायच्या की एकीचेच चार अवतार? वासमान यांनी वेगवेगळ्या भागांतले नमुने शेजारी शेजारी लावले, तर काही ठिकाणी मधले नमुनेही सापडले. म्हणजे दोन जाती पक्क्या झालेल्या, दोन अजून घडतायत! जाती बदलत नाहीत असं मानणाऱ्या धर्मगुरूच्या टेबलावर हा पुरावा पडला होता, आणि तो त्याने स्वतःच गोळा केला होता. लपवणं सोपं होतं. त्यांनी छापून टाकलं, आणि उत्क्रांती मान्य केली.

पण माणसापाशी येऊन ते थांबले. माणसाचा आत्मा उत्क्रांतीतून आला, हे त्यांना पटेना. झालं, दोन्हीकडून मार. हेकेल तुटून पडले. फेब्रुवारी १९०७ मध्ये बर्लिनला त्यांची व्याख्यानं झाली, आणि शेवटी लुडविग प्लाटे वगैरे मंडळींबरोबर जाहीर वाद. एकटा पाद्री एका बाजूला, प्राध्यापकांची फौज दुसऱ्या बाजूला. माणसाबद्दलचा त्यांचा मुद्दा मला पटत नाही, पण त्या सभेला जायची हिंमत मानलीच पाहिजे.

एक सिद्धांत मात्र त्यांचा पार कोसळला. लोमेखुसा नावाचा भुंगेरा मुंग्यांची पिल्लं खातो, तरी मुंग्या त्याला भरवतात. वासमान म्हणत, मुंग्यांना पाहुणे पाळायची उपजत आवडच आहे. अमेरिकेतल्या व्हीलर यांना ते मान्य नव्हतं. पुढे १९७० च्या सुमारास बर्ट होल्डोब्लर यांनी दाखवलं की असे भुंगेरे अंगातल्या ग्रंथींचा स्राव आणि स्पर्शाची नक्कल वापरून मुंग्यांना चक्क फसवतात. आवड कसली, खोटं आयकार्ड!

१९११ पासून ते हॉलंडमधल्या फाल्केनबुर्गला राहिले आणि १९३१ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या किड्यांचा संग्रह जवळच्याच मास्ट्रिख्टच्या संग्रहालयात आहे.