कोसंबींचे गणित आणि परीक्षकांची चाळणी

शोधनिबंध छापला, पण तो तज्ज्ञांनी तपासला होता का? बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्राध्यापकालाही आज हा प्रश्न चुकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी करायला घेतली आणि २०२५ मध्ये ती बंद करून निवड संस्थांवर सोपविली. चांगले नियतकालिक कोणते, हे यादी करूनही ठरेना. या तपासणीचे, म्हणजे पीअर रिव्ह्यूचे, मर्म आणि मर्यादा एकाच आयुष्यात पाहायच्या असतील तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडे वळावे लागते.

वाचकांना कोसंबी माहीत असतात ते इतिहासकार म्हणून. पेशाने मात्र ते गणिती होते. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे गाढे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन परतले. बनारसनंतर ते अलीगढला आले. तिथे आंद्रे वेल हे तरुण फ्रेंच गणिती त्यांचे सहकारी होते.

याच काळात एक गंमत घडली. एका सहकाऱ्याची जिरविण्यासाठी वेल यांनी कल्पना सुचविली आणि कोसंबींनी एक निबंध लिहिला. त्यात बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितीच्या प्रमेयाचा आधार घेतला होता. असा गणिती अस्तित्वातच नव्हता! तरीही संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो निबंध छापून आला. पुढे वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच टोपणनाव घेऊन गणिताचे प्रचंड ग्रंथ लिहिले, हा त्या थट्टेचा उत्तरार्ध.

परीक्षणाची रीत अशी: संपादक आलेला निबंध त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवितात. ते बहुधा विनामोबदला व निनावी राहून मत कळवितात. लेखक दुरुस्त्या करतो, किंवा निबंध परत येतो. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३२ च्या सुमारास परीक्षकांचे लेखी अहवाल घेण्यास आरंभ केला. 'नेचर'ने मात्र हा नियम १९७३ मध्ये सक्तीचा केला. परीक्षक मांडणी, पद्धत, तर्क पाहतो. प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. आधार म्हणून दिलेले प्रत्येक नाव खरे आहे, हे तो सहसा गृहीतच धरतो.

कोसंबी १९३० च्या दशकात पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि इथेच त्यांचे उत्तम काम झाले. १९४३ चा त्यांचा एक निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत आला. त्यातली पद्धत पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. आज प्रतिमा-संस्करणापासून द्रवांच्या खळबळीच्या अभ्यासापर्यंत ती वापरली जाते. निबंध छापला जाणे एक, आणि योग्य माणसाने तो वाचणे दुसरे. याउलट गुणसूत्रांवरील जनुकांचे अंतर मोजणारे त्यांचे १९४४ चे सूत्र इंग्लंडच्या 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आले आणि पिकांच्या जनुकशास्त्रात आजही कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते.

प्राचीन नाण्यांचे त्यांनी केलेले काम तर आणखी अवघड जागी बसते. तक्षशिलेची आहत नाणी तोलून, झिजेवरून त्यांचा चलनातील काळ ठरविण्यासाठी त्यांनी संख्याशास्त्र वापरले. नाणेतज्ज्ञांना ते गणित अपरिचित आणि गणितज्ञांना नाणी. मग परीक्षक कोणाला नेमायचे?

१९४० च्या दशकाच्या मध्यास होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणे-येणे सुरू झाले. पुढे दोघांचे बिनसले. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा बरी, असे कोसंबी उघडपणे मांडत. भाभा तर अणुकार्यक्रमाचे प्रमुख. अशा वातावरणात १९५९ मध्ये रीमान यांचा मूळ संख्यांविषयीचा प्रसिद्ध तर्क सिद्ध केल्याचा दावा करणारा कोसंबींचा निबंध आला, आणि तोही कृषी सांख्यिकी सोसायटीच्या पत्रिकेत. मूळ संख्यांच्या अभ्यासकांचा तिथे वावर नव्हता. सिद्धता टिकली नाही. जगभरच्या गणितींमध्ये त्यांची पत घसरली आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. त्याला हा निबंध किती कारण आणि भाभांशी झालेला दुरावा किती, यावर मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाला दुसऱ्याचे वजन अधिक वाटते. एक कठोर परीक्षक वेळीच भेटता, तर निदान पहिले कारण तरी उरले नसते.

कोसंबींनी हट्ट सोडला नाही. मूळ संख्यांवर ते लिहीतच राहिले, काही निबंध एस. डुक्रे या टोपणनावाने. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेला तो तर्क अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेला नाही.