बाहुलीच्या काळोखात डोकावणारा डॉक्टर

बीपी किंवा शुगरच्या रुग्णाला ‘डोळ्याचा पडदा तपासून या’ म्हटले, की आपल्या अकोला-अमरावतीकडचे बरेच जण विचारतात, मला तर स्पष्ट दिसते, मग कशाला? याचे उत्तर हर्मन फॉन हेल्महोल्त्झ या जर्मन डॉक्टरच्या कामात आहे.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पोट्सडाम येथे झाला. वडील शिक्षक होते. मुलाला भौतिकशास्त्राची ओढ, पण त्या शिक्षणाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. वैद्यकीय शिक्षण मात्र सरकारी खर्चाने मिळे. त्याबदल्यात सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. हेल्महोल्त्झ यांनी तोच मार्ग धरला. सैन्यात असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा आपला गाजलेला निबंध लिहिला. १८४९ मध्ये ते क्योनिग्जबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तेथे विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या तयारीत एक जुना प्रश्न समोर आला. डोळ्याची बाहुली काळीच का दिसते? डोळ्यात शिरलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत जातो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण तिथे डोके नेले की प्रकाशच अडतो. हेल्महोल्त्झ यांनी पातळ काच तिरकी धरली. बाजूच्या दिव्याचा उजेड तिच्यावरून परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यात गेला आणि परतणारा उजेड त्याच काचेतून आरपार त्यांच्यापर्यंत आला. १८५० च्या अखेरीस हे साधे उपकरण तयार झाले, १८५१ मध्ये त्याची माहिती छापून आली. हाच ऑफ्थॅल्मोस्कोप. शरीराच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता, जिवंत माणसात प्रथमच दिसू लागल्या.

पुढे हेल्महोल्त्झ भौतिकशास्त्राकडे वळले. १८७१ पासून ते बर्लिनला त्याच विषयाचे प्राध्यापक होते. उपकरणाचा उपयोग इतर डॉक्टरांनी वाढवला. व्हिएन्नाच्या एदुआर्ड येगर यांनी १८५५ च्या सुमारास मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरील बदल नोंदवले. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पडद्यावरही रक्तस्राव आणि पांढरे डाग दिसू लागले. आजार एका जागी आणि खूण दुसरीकडे, असे का?

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला हे लगेच उमजेल. ठिबकच्या एका नळीत गाळ अडकलेला दिसला, की तो बाकीच्या नळ्याही तपासतो. पाणी सगळीकडे एकच असते. डोळा, मूत्रपिंड आणि मेंदू यांतील बारीक वाहिन्यांतून एकच रक्त फिरते. वाढलेली साखर त्यांच्या भिंती कमकुवत करते, वाढलेला दाब त्या अरुंद व कडक करतो. डोळ्यात वाहिनीला फुगवटे येऊन रक्त झिरपते, मूत्रपिंडात अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत गळते. दोन्ही ठिकाणी सुरुवातीला दुखत नाही, नजरही कमी होत नाही. नजर जाते ती बिघाड बराच पुढे गेल्यावर.

म्हणून पडद्यावर बदल दिसला, की आम्ही मूत्रपिंड, हृदय आणि पक्षाघाताचा धोकाही पाहतो. मात्र पडदा स्वच्छ असला म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत असे समजू नये. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन वेगळे तपासावेच लागते.

हेल्महोल्त्झ ८ सप्टेंबर १८९४ रोजी गेले. त्यांनी दाखवलेली वाट आजही प्रत्येक नेत्रविभागात वापरली जाते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि नंतर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, तेव्हा गाडी चालवू नका. सोबत कुणाला तरी आणा.