खराट्याआधी वखर : शेतकरी गाडगेबाबा कोण होते?

गाडगेबाबा म्हटले की खराटा आठवतो. त्याआधी देबूजींच्या हाती वखर होता. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाईंनी लेकराला माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात आणले. गुरे राखता राखता देबूजी शेतीत तरबेज झाले.

पूर्णेच्या या खोऱ्यात मोठा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचे पाणी खारे; तेच पिकाला दिले तर काळी जमीन बिघडते. म्हणून पावसावरचे पीक, मुरलेल्या ओलीवरचा हरभरा आणि शेणखत हाच जुना आधार. आता पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून ओलित करतात.

मामा चंद्रभानजींची जमीन मात्र निसर्गाने नव्हे, सावकारी कर्जाने हातची गेली. त्या धक्क्याने मामा गेले. चरित्रकार सांगतात, ताबा घ्यायला आलेल्यांना देबूजींनी शेतातच अडवले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. ऋणमोचनला त्याच पूर्णेवर घाट बांधला, मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण उभे केले. कर्ज काढून सण करू नका, हे ते कीर्तनात गावोगावी सांगत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच त्यांचे निधन झाले.