गोरेपणाची रेषा : डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे जीवन व विचार

वर्णभेदाच्या आधुनिक चिंतनात विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस यांचे स्थान अग्रभागी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिसंग्रामाचे भाष्यकार म्हणून ते सर्वज्ञात आहेत. परंतु त्यांच्या पंचाण्णव वर्षांच्या आयुष्यात आणखी एक प्रश्न सतत त्यांच्या सोबतीला होता. आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन, ज्यू असे भाषेने, धर्माने व इतिहासाने परस्परांपासून दूर असलेले लोक गोरे या एकाच नावाखाली कसे येतात? त्यांना जोडणारी काही समान संस्कृती आहे काय? या प्रश्नाचे उत्तर डू बॉइस यांनी एकदाच दिले नाही. अनुभव वाढत गेला तसतसे त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासले आणि वेळप्रसंगी स्वतःचे शब्दही खोडले.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. गावात कृष्णवर्णीयांची घरे थोडी होती. शाळेत एका नवागत मुलीने त्यांचे भेटपत्र नाकारले, तेव्हा आपण इतरांहून वेगळे मानले जातो याची पहिली जाणीव त्यांना झाली. तथापि उत्तरायुष्यात बालपणाकडे वळून पाहताना त्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली आहे. गावातील प्रतिष्ठितांचा तिरस्कार त्यांच्या वाट्याला जेवढा आला, त्याहून अधिक स्पष्टपणे तो गिरण्यांत राबणाऱ्या आयरिश कॅथलिक मजुरांच्या वाट्याला आला होता. रंगाने गोरे असूनही त्या समाजात आयरिशांना बरोबरीचे स्थान नव्हते.

१८८५ मध्ये ते टेनेसीतील फिस्क विद्यापीठात गेले आणि दक्षिणेतील वर्णभेदाचे उघडे रूप त्यांनी प्रथमच पाहिले. पुढे हार्वर्डमधील अध्ययनानंतर १८९२ ते १८९४ या काळात त्यांनी बर्लिन विद्यापीठात श्मोलर, वाग्नर, ट्राइट्श्के अशा विद्वानांची व्याख्याने ऐकली. जर्मनीत त्यांना माणूस म्हणून वागविणारी घरे भेटली. त्याच देशातील व्याख्यानगृहात मात्र ट्राइट्श्के यांनी मिश्रवंशीयांना हीन ठरविल्याचेही त्यांना ऐकावे लागले.

याहून अधिक उद्बोधक ठरले ते युरोपातील अंतर्गत भेदांचे दर्शन. एका जर्मन गावातील मेळाव्यात वातावरण तणावपूर्ण झाले, तेव्हा त्याचे कारण आपलाच वर्ण असावा अशी डू बॉइस यांची समजूत झाली. प्रत्यक्षात लोकांचा रोष त्यांच्या गोऱ्या सहाध्यायावर होता. तो ज्यू असल्याचा त्यांना संशय आला होता. बर्लिनमधील पोलिश मित्र स्टानिस्लाव्ह एस्त्राइखर यांच्या आग्रहावरून ते क्राकाउला गेले आणि जर्मन सत्तेखाली पोलिशांची भाषा व शिक्षण यांची कशी गळचेपी होते, हे त्यांना समजले. याच प्रवासात गॅलिशियातील एका गावी गाडीवानाने त्यांना ज्यूंच्या वस्तीत उतरणार काय, असे विचारले. प्रश्नाचा अर्थ नीट न उमजता त्यांनी होकार दिला आणि ज्यूंच्या एका लहान खानावळीत रात्र काढली. अमेरिकेत गोरा म्हणून जो एकच समूह त्यांनी ओळखला होता, तो युरोपात अनेक परस्परविरोधी समूहांत विभागलेला होता.

१८९५ मध्ये त्यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. ती मिळविणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होत. त्यानंतर दोन वर्षांनी वंशांच्या जतनाविषयी त्यांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी मानवजातीचे आठ ऐतिहासिक वंश मानले होते : स्लाव, मध्य युरोपातील ट्यूटन, ब्रिटन व अमेरिकेतील इंग्लिश, रोमान्स राष्ट्रे, निग्रो, सेमाइट, हिंदू आणि मंगोल. या यादीत गोरा नावाचा वंशच नाही, हे लक्षणीय आहे. वंशाला भाषा, इतिहास व ध्येय यांचे ऐक्य असावे लागते, ही त्यांची त्या वेळची कसोटी होती, आणि त्या कसोटीला गोरेपण उतरत नव्हते. मात्र प्रत्येक वंशाला स्वतःचे असे जन्मजात कार्य असते, ही एकोणिसाव्या शतकातील जर्मन कल्पनाही त्यांनी फारशी न तपासता स्वीकारली होती.

अटलांटातील अध्यापनाच्या काळात १९०३ साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत ते होते. १९१० पासून १९३४ पर्यंत त्यांनी तिच्या 'द क्रायसिस' या मुखपत्राचे संपादन केले. १९१० मध्येच त्यांनी गोऱ्या लोकांच्या अंतरंगाविषयी एक निबंध लिहिला आणि पुढे त्यात भर घालून १९२० च्या 'डार्कवॉटर' या संग्रहात तो समाविष्ट केला. व्यक्तीने आपली ओळख स्वतःच्या गोऱ्या कातडीत शोधावी ही गोष्ट अगदी अलीकडची आहे, प्राचीन जगाला ती ठाऊक नव्हती, असा त्याचा आशय आहे. १९१५ मध्ये महायुद्धाची मुळे आफ्रिकेत शोधताना त्यांनी दाखवून दिले, की वसाहतींच्या लुटीत युरोपातील मजुरालाही अल्पसा वाटा मिळू लागला होता आणि मालक व मजूर यांना जोडणारे नवे बंधन त्यातून निर्माण झाले होते.

या नावाची सीमा किती डळमळीत होती, हे अमेरिकेच्या न्यायालयांनी व विधिमंडळाने स्वतःच सिद्ध केले. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराचे नागरिकत्व सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. गोरा म्हणजे कॉकेशियन, असे कारण त्यासाठी दिले गेले. पुढल्याच वर्षी भगतसिंग थिंड या पंजाबी अर्जदाराने आपण शास्त्रानुसार कॉकेशियन असल्याचे सांगितले, तेव्हा त्याच न्यायालयाने शास्त्र बाजूला सारून सामान्य माणसाची समजूत हीच कसोटी मानली. १९२४ च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना दार बंद झाले. त्याचबरोबर इटली, पोलंड आदी देशांतून येणाऱ्यांची संख्याही तीव्रपणे घटविण्यात आली. गोऱ्यांतही अधिक इष्ट व कमी इष्ट अशी प्रतवारी होती.

याच काळात डू बॉइस यांचा भारताशी संबंध दृढ झाला. लाला लजपतराय यांच्याशी त्यांचा स्नेह होता, आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डार्क प्रिन्सेस' या कादंबरीची नायिका कौटिल्या नावाची भारतीय राजकन्या आहे. कृष्णवर्णीय व आशियाई लोकांच्या ऐक्याचे स्वप्न या कादंबरीत आहे. तरीही तिच्या आरंभीच्या बर्लिनमधील प्रसंगात विविध देशांचे प्रतिनिधी आफ्रिकन वंशीयांच्या योग्यतेविषयी शंका घेतात. वर्णरेषेच्या आत आणखी वर्णरेषा असते, हे लेखकाने लपविलेले नाही.

१९३५ चा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा ग्रंथ त्यांच्या विचाराची परिणत अवस्था दाखवितो. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील गोरे व काळे मजूर एकत्र का आले नाहीत, याचे उत्तर त्यात आहे. गोऱ्या मजुराचे वेतन कमीच होते. त्याची भरपाई त्याला मानाच्या रूपाने मिळे : आदराने संबोधले जाणे, सार्वजनिक उद्यानांत व चांगल्या शाळांत प्रवेश, मताधिकार, आपल्यातूनच भरती होणारे पोलीस. या मानधनाने त्याचे पोट भरत नसे. पण शेजारच्या काळ्या मजुराहून आपण वेगळे आहोत ही खात्री त्याला मिळे. गोऱ्यांना एकत्र बांधणारे सूत्र डू बॉइस यांना या वाटणीत सापडले.

सिद्धान्त जेथे अपुरा पडला, तेथे त्यांची दृष्टीही चुकली. १९३६ मधील प्रवासात जर्मनीतील ज्यूंचा छळ त्यांनी पाहिला व त्याचा निषेध केला. परंतु त्याच प्रवासात मांचुरियातील जपानी सत्तेकडे त्यांनी सहानुभूतीने पाहिले. गोऱ्या साम्राज्याला आव्हान देणारे आशियाई राष्ट्रही साम्राज्यच उभारीत आहे, हे वर्णरेषेच्या प्रभावामुळे त्यांना पुरेसे दिसले नाही.

१९४० मध्ये 'डस्क ऑफ डॉन' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या जुन्या वंशकल्पनेची फेरतपासणी केली. आफ्रिकेशी आपले नाते कातडीच्या रंगापेक्षा गुलामगिरीच्या व अपमानाच्या समान वारशात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे कृष्णवर्णीयांच्या वतीने मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्य व कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य आंबेडकरांनी त्यात दाखविले होते. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात सहानुभूतीपूर्वक उत्तर पाठविले. जेथे उच्च व नीच या दोहोंच्या कातडीत भेद दाखविता येत नाही, अशा समाजातून हे पत्र आले होते.

१९४९ मध्ये त्यांनी वॉर्सातील ज्यू वस्तीचे भग्नावशेष पाहिले. ज्या एस्त्राइखर यांनी तरुणपणी त्यांना पोलंड दाखविला होता, ते डिसेंबर १९३९ मध्ये नाझींच्या साक्सेनहाउझेन छावणीत मरण पावले होते. गोऱ्यांनी गोऱ्यांचा केलेला हा संहार पाहिल्यानंतर वर्णाचा प्रश्न केवळ रंगाचा नाही, हे त्यांनी १९५२ मध्ये लिहून ठेवले. पुढल्या वर्षी 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'ची नवी आवृत्ती निघाली. जॉर्जियातील शोषकांचे वर्णन करताना पूर्वी त्यांनी ज्यूंचा उल्लेख केला होता. त्यांतील अनेक उल्लेख त्यांनी स्वतः बदलले. पन्नास वर्षे नावाजल्या गेलेल्या ग्रंथातील शब्द वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी बदलणे सोपे नव्हते.

अखेरची वर्षे त्यांना कष्टाची गेली. शांततेसाठी केलेल्या कार्यामुळे १९५१ मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले, तरी पुढे १९५८ पर्यंत त्यांना पारपत्र मिळाले नाही. १९६१ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि आफ्रिकेचा ज्ञानकोश सिद्ध करण्यासाठी घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. ज्ञानकोशाचे काम अपुरे राहिले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी निघालेल्या विराट मोर्चात त्यांच्या निधनाची वार्ता जाहीर करण्यात आली. ती ऐकणाऱ्या जनसमुदायात काळ्यांबरोबर हजारो गोरेही होते.